गाडी नंबर शून्य

नोव्हेंबरचा पहिला सोमवार. गळीत हंगामाच्या तयारीची बैठक. हजर: मी, ईडीपी म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाकडून, शेटे साहेब, शेतकी अधिकारी, जगूतात्या, गाडीतळाचे सुपरवायझर, आणि निनाद, पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, टेबलावर उभ्या केलेल्या मोबाईलमधून. गैरहजर: ऊस घेऊन येणारे गाडीवान, ज्यांच्यासाठी बैठक होती. ते अजून आपापल्या गावाहून निघायचे होते.

बैठकीचं टिपण मीच ठेवते. दुसऱ्या कुणी ठेवलं तर त्यात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच राहतं आणि चर्चा काय झाली ते वाऱ्यावर जातं. चौथा विषय होता, ‘लोड बॅलन्सरवरील हेल्थ चेक सौम्य करणे व गाडी नंबर शून्यचा पुकारा बंद करणे.’ मी त्यापुढे लिहिलं, नामंजूर.

“मॅडम, आधी चर्चा तरी होऊ द्या,” शेटे साहेब म्हणाले.

“करा की. मी खाली जागा सोडलीये.”

तात्या खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बॉयलरची चाचणी चालली होती आणि चिमणीतून पहिला, अजून पक्का न झालेला धूर निघत होता. तो धूर बघितला की मला दरवर्षी तो एकच हंगाम आठवतो.

हंगाम आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, दोरीवरचे कपडे सांगतात. पांढऱ्या ओढणीवर काळी, हलकी, बोट लावलं की पसरणारी काजळी दिसली की समजायचं, बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, बॉयलरात जळायला लागलं. मग वास. मळीचा वास नवख्या माणसाला नकोसा होतो. आंबूस, गोड, जड, घशात बसणारा. आमच्या कॉलनीतल्या मुली लग्न होऊन शहरात गेल्या की पहिली दिवाळी करून परत जाताना तोच वास नाकात भरून घेतात, हे त्या कुणाला सांगत नाहीत, पण मी बघितलंय. त्यानंतर रस्ते बदलतात. देवळालीच्या रस्त्याला ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत, वळणावर अख्खा रस्ता अडवून जातात. त्यांच्या मागून सावकाश येतात त्या टायरगाड्या. त्यांचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. टायर काही वाजत नाही, पण बैलांच्या गळ्यातली घुंगरं, वर लादलेल्या उसाची सळसळ, आणि उतारावर गाडीवानाने जिभेने काढलेला टक्-टक् असा आवाज. माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. उसाच्या पाचटाच्या, वरून प्लास्टिक टाकलेल्या. पहाटे त्यांच्या चुलींचा धूर आणि कारखान्याचा धूर एकाच दिशेने वाहतो. वर गेल्यावर कोणता कुणाचा, सांगता येत नाही. खाली मात्र लगेच कळतं.

त्या वर्षी गेटवर नंबर देण्याची पद्धत बदलली. आधी एकच कॉम्प्युटर होता, तोही टेबलाखाली, आणि त्याच्या पंख्यात दरवर्षी पाचटाचा भुसा अडकायचा. गाडी गेटातून आत आली की कारकून नंबराची चिठ्ठी द्यायचा, मग तळावर तात्या पडद्यावर बघून कर्ण्यावर नंबर पुकारायचे, आणि ज्याचा नंबर त्याने गाडी काट्यावर, वजनाला न्यायची. कॉम्प्युटर बसला की सगळा तळ बसायचा. म्हणून दोन सर्व्हर घेतले, आणि त्यांच्या पुढे लोड बॅलन्सर.

लोड बॅलन्सर म्हणजे काय, हे मी तात्यांना एका शब्दात सांगितलं होतं. पाटकरी. कालव्याला आवर्तन सुटलं की कोणत्या चारीला पाणी सोडायचं, कुणाची पाळी, किती वेळ, हे बघणारा माणूस. आमच्या पट्ट्यात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हे दोन सर्व्हर म्हणजे दोन चाऱ्या. गेटवरून नंबर मागितला गेला की हा एकदा इकडे सोडतो, एकदा तिकडे. एक चारी फुटली तर सगळं दुसरीला. आणि फुटली हे कळावं म्हणून हेल्थ चेक, म्हणजे थोड्या-थोड्या वेळाने दोन्हीकडे जाऊन बघून यायचं.

“बघून यायचं म्हंजी कुठपातूर?” तात्यांनी विचारलं. “आमचा पाटकरी चारीच्या दाराशीच बघून सायकल वळवायचा.”

तो मलाही ठाऊक होता. आमचं माहेरचं शेत चारीच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. वर दाराशी पाणी खळखळायचं, रजिस्टरला आमची पाळी झाल्याची नोंद पडायची, आणि आमचे आण्णा कोरड्या सारणीत फावडं घेऊन उभे. नोंद खोटी नसायची. पाणी सोडलंच होतं. ते पोचलं का, हा प्रश्न त्या रजिस्टरला पडतच नव्हता.

कंपनीने लावून दिलेली तपासणीही अशीच दाराशी बघणारी. सर्व्हरचं दार वाजवायचं, उघडलं की हिरवा दिवा. उघडणारा आत जाऊन काम करतो की उंबऱ्यावर उभा राहून नुसता या-या म्हणतो, हे विचारायचं नाही. मी सुरुवातीलाच हे बोलले होते. निनाद म्हणाला होता, “मॅडम, सगळीकडे हीच सेटिंग असते.” सगळीकडे असतं ह्या वाक्यावर माझा फार पूर्वीपासून राग आहे.

डिसेंबरात, ऐन भरात, एका दुपारी व्हायचं ते झालं. दुसऱ्या सर्व्हरची समाईक नोंदीशी जोडणारी वायर सैल झाली. समाईक नोंद म्हणजे जिथे दोन्ही सर्व्हर नंबर लिहून ठेवतात ती एकच जागा. सर्व्हर चालू होता, दार उघडत होता, पण नंबर लिहायला त्याच्यापाशी वहीच नव्हती. पाटकरी मात्र एक पाळी इकडे, एक पाळी तिकडे, इमानाने सोडत राहिला. गेटवर एका गाडीला नंबर मिळे, पुढचीला नाही. तिच्या पुढचीला मिळे, त्यापुढचीला नाही.

हौसाबाईला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. जामखेड तालुक्यातली, खर्ड्याच्या बाजूची टोळी. नवरा कोपीत तापाने पडलेला, म्हणून कासरा तिच्या हातात. पुढे तिच्या दिराची गाडी होती, त्याला चिठ्ठी मिळाली. हिला नाही.

“कामून न्हाई माजा नंबर? एकाच फडातला ऊस हाय दोनीकडं.”

“बाई, मशीन घेत नाही,” गेटवरचा कारकून म्हणाला.

“त्येचं घेतंय की. माजं तोंड बघून न्हाई म्हनतंय व्हय तुमचं मशीन?”

“तोंडाचा काय संबंध?”

“मंग कशाचा हाय ते सांगा.”

ते सांगता येत नव्हतं, हीच तर गोची. मी खोलीत पडद्यापुढे बसले होते आणि पडद्यावर दोन्ही दिवे हिरवे. शेटे साहेबांचा फोन आला, “मॅडम, माझ्या मोबाईलवर सगळं व्यवस्थित आहे. गाडीवानांचाच काहीतरी घोळ असणार.” पडदा ठणठणीत आणि माणसं आजारी, असं त्यांचं निदान. तोवर गेटवर, एकाला मिळतंय आणि एकाला नाही म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय, हे ठरूनही गेलं होतं. कुणी म्हणालं, जामखेडवाल्यांना डावलतात. कुणी म्हणालं, मुकादमाशी बिनसलंय. एकाआड एक म्हटलं की आपल्याकडे आधी माणसाचा हात आठवतो, वायर आठवत नाही. आणि तसं वाटणं चूक म्हणायला मी तरी धजणार नाही. आजवर तो बहुतेकदा हातच निघाला आहे.

मी गेटवर गेले, दोन-चार गाड्यांचा क्रम बघितला, परत येऊन दुसरा सर्व्हर हाताने रांगेतून काढला. नंबर सुरळीत झाले. पण हौसाबाईची गाडी तोवर बाजूला घेतली गेली होती आणि मागच्या कितीतरी गाड्या पुढे गेल्या होत्या. तिचं वजन त्या दिवशी झालंच नाही. गाडी तळावर मुक्कामी राहिली की काय होतं, ते ज्याने ऊस आणलाय त्यालाच माहीत. ऊस वाळतो आणि वजनाला हलका पडतो. बैलांना चाऱ्याला वाढं कुठून आणायचं, हा प्रश्न. दुसऱ्या दिवशीची तोड हुकते आणि फड दुसऱ्याकडे जातो. हे सगळं एका सैल वायरीमुळे, आणि त्या वायरीवर पहारा ठेवायला बसवलेला दिवा पूर्ण वेळ हिरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निनादला फोन करून सांगितलं की तपासणी मी बदलते आहे.

“ठीक आहे मॅडम, डॅशबोर्डवर जा, तीन-चार क्लिकचं काम आहे.”

“कमांड लाईनवरून करते.”

“कशाला उगाच टाईप करत बसता?”

माणसं मला हे नेहमी विचारतात. माऊसने केलेलं काम नंतर सांगता येत नाही, दाखवावं लागतं. ‘तिथे जा, मग तो चौकोन, नाही, त्याच्या खालचा.’ कमांड म्हणजे यादीतली एक ओळ. वाचता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते, चूक असेल तर बोट ठेवता येतं. मी घरी वाणसामानाची यादी ठेवते, आहेराची ठेवते, टाकी कधी धुतली त्याची ठेवते. नवरा म्हणतो, तू चितेवर चढतानाही लाकडं मोजून घेशील. घेईन. काळ्या पडद्यावर एकेक शब्द नीट टाईप करताना माणसाला प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते. क्लिक करताना ती बटणाची असते.

तपासणी तयार करताना यंत्रणा तुमच्याकडे काही आकडे मागते आणि आकडे देताना तुम्ही कसल्या स्वभावाचे ते उघडं पडतं. किती वेळाने विचारायचं. उत्तराची वाट किती बघायची. किती वेळा गप्प राहिला तर रांगेबाहेर काढायचा. आणि बाहेर काढलेला किती वेळा नीट बोलला की परत आत घ्यायचा. मी ह्यावर सबंध चहा थंड होईपर्यंत विचार केला. एकदा खोकला म्हणून कुणाला घराबाहेर काढू नये, हे मला पटतं. पण तो सारखाच गप्प राहतोय आणि आपण म्हणतोय, असेल थकलेला, हे पटत नाही. शेटे साहेबांना तेव्हाही सौम्य आकडे हवे होते. सौम्य कुणाशी, हे मी विचारलं तेव्हा ते हसले. सर्व्हरला आपण जेवढी सूट देतो तेवढा वेळ गेटवर कुणीतरी चिठ्ठीशिवाय उभं असतं, त्याचा हसण्याशी काही संबंध नाही.

मी आकडे कडक दिले. बाहेर काढायला लवकर, आत घ्यायला सावकाश.

मग प्रश्न राहिला विचारायचं काय. ‘दार उघडं आहे का’ हे नको. ‘एका गाडीला नंबर देऊन दाखव’ हे हवं. त्यासाठी गाडी लागणार. म्हणून मी एक गाडी तयार केली. तिला बैल नाहीत, ऊस नाही, गाडीवान नाही, आणि खऱ्या कुठल्या गाडीशी गल्लत होऊ नये म्हणून नंबर दिला शून्य. प्रत्येक तपासणीत सर्व्हरने ह्या गाडीचा नंबर समाईक नोंदीत लिहायचा, परत वाचायचा, पुसायचा, आणि मगच ‘ठीक’ म्हणायचं. एका ओळीने तपासणी तयार झाली. दुसऱ्या ओळीने ती दोन्ही सर्व्हरना जोडली. हे लोक विसरतात आणि मग कपाटात ठेवलेल्या छत्रीसारखी ती तपासणी कोरडी राहते. तिसऱ्या ओळीने जतन केली, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जातं. चौथ्या ओळीने म्हटलं, दाखव. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या, दोन्ही सर्व्हर ठीक. आदल्या दिवशीही ते ठीकच होते. पण आजचं ठीक मी विचारून घेतलेलं होतं.

मी समाधानाने डबा उघडला आणि बाहेर कर्ण्यावर तात्यांचा आवाज आला.

“गाडी नंबर शून्य, काट्यावर या.”

माझा घास हातात राहिला.

“नंबर शून्य. शून्यवाले, चला आटपा.” मग थोडं थांबून, “परत शून्य.”

नोंदीत गाडी लिहिली जात होती आणि पुसली जात होती, त्या मधल्या क्षणात ती तात्यांच्या पडद्यावर दिसत होती. आणि शून्य हा सगळ्यात लहान आकडा, म्हणून दर वेळी सगळ्यांच्या वर. तात्यांचा नियम साधा होता: जे वर दिसेल ते पुकारायचं. तो नियम मीच त्यांना शिकवला होता.

एखाद्या बँकेत किंवा दवाखान्यात हे झालं असतं तर लोकांनी बिघाड म्हणून सोडून दिलं असतं. गाडीतळावर तसं होत नाही. तळावर कितीही पिढ्या गेल्या तरी एकच संशय असतो: वशिल्याची गाडी. सगळे रांगेत असताना कुणाचीतरी गाडी पुढे घातली जाते, हे गृहीतच धरलेलं असतं. फक्त कुणाची, एवढंच शोधायचं असतं. आणि इथे तर एक गाडी दर थोड्या वेळाने सगळ्यांच्या आधी पुकारली जात होती, काट्यावर येत नव्हती, आणि तरी तात्यांच्या पडद्यावरून तिचा नंबर पुसला जात होता, म्हणजे तिचं वजन झालं असं दिसत होतं. न येताच वजन होणारी गाडी. ह्याहून मोठा वशिला काय असणार?

मी बाहेर आले तेव्हा काट्याच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावलेल्या होत्या. शेटे साहेब धावत आले.

“काढा ती शून्य गाडी. आत्ताच्या आत्ता.”

“नाही काढणार.”

“मॅडम, तळ तापलाय.”

“म्हणूनच. आता काढली तर चोरी होती आणि पकडली गेली म्हणून काढली, असंच होईल. शिवाय ती काढली की आपण पुन्हा कालच्या जागी.”

“मग काय करायचं?”

“सांगायचं.”

“त्यांना? हेल्थ चेक?”

त्या ‘त्यांना’चा मला आजही राग येतो. मी काट्याच्या ओट्यावर चढले.

“या म्याडम,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “तुमची गाडी कुठं लावली?”

“दिसत न्हाई म्हंजी इमानावानी वरूनच जात आसंल.”

“शून्य नंबर म्हंजी चेअरमनच्या बी आधीचा, लेका.”

हशा पिकला. हशा होतो तोवर बोलून घ्यावं, हे मी शिकले आहे. मी म्हणाले की ही गाडी ऊस आणत नाही. ती फक्त नंबर मागते. तिला मिळाला की समजायचं, तुम्हाला मिळणार. तिला मिळाला नाही तर तो सर्व्हर यंत्रणाच बाजूला काढते आणि तुमचा नंबर दुसरा सर्व्हर देतो.

हौसाबाई आडव्या लावलेल्या पहिल्याच गाडीवर बसली होती. “काल कुठं गेल्ती ही गाडी?”

“काल नव्हती. म्हणून तर तुमचा नंबर बुडाला.”

“बोलायला काय लागतंय. दावा.”

मी तिला ईडीपीच्या खोलीत नेलं. शेटे साहेब म्हणत होते, बाहेरच्यांना आत परवानगी नाही. मी म्हटलं, टिपणात घ्या. तिने दारात चपला काढल्या, आत आली, एसीच्या गारठ्याने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सर्व्हरच्या रॅककडे बघून म्हणाली, “ह्यांला बी कोपी बांधून दिली की तुमी. आमच्यापरीस लई बरी हाय.”

काल सैल झालेली वायर मी तिला दाखवली. “ही ओढा.”

“मी?”

“तुम्हीच. मी ओढली तर म्हणाल हातचलाखी.”

तिने पाठीमागे एकदा बघितलं आणि वायर ओढली, मुळा उपटावा तशी. पडद्यावर दुसऱ्या सर्व्हरची ओळ जराशी तशीच राहिली, मग बदलली: बाहेर. तिचा दीर गेटवर उभा होता, त्याला तिने फोन लावला. “मिळत्यात का नंबर? सगळ्यांला? एकाला न्हाई आन एकाला हाय, आसं न्हाई ना? ... बरं.” मी वायर परत लावायला सांगितली. लावली तरी ती ओळ लगेच बदलेना.

“आता का घेत न्हाई त्येला?”

“परत परत विचारून मगच घेतो.”

“शाना हाय,” हौसाबाई म्हणाली. “माजी सासू आशीच हुती.”

बाहेर पडताना ती दारात थांबली. मला वाटलं, हिची खात्री पटली, आता गाड्या हलतील. शेटे साहेब मागून हळूच म्हणत होते, “तपासणी राहू द्या मॅडम, पण ती तात्यांच्या पडद्यावरून लपवा. दिसायला नको.” ते करणं सोपं होतं, मीही तेच करणार होते.

हौसाबाईने ते ऐकलं. “लपवू नगा,” ती म्हणाली. “पुकारा चालू ठेवा तिचा. भोंग्यावर तिचं नाव आलं म्हंजी आमाला कळंल, चालू हाय. न्हाई आलं तर आमीच येतो तुमच्या दारात.”

मी शेटे साहेबांकडे बघितलं. ज्यांना ती दिसायला नको होती ते पगारावर होते, आणि ज्यांना ती ऐकू यायला हवी होती ते उसावर बसले होते. मी तेव्हाच तात्यांना सांगितलं की शून्यची ओळ मी तुमच्या पडद्याच्या तळाशी वेगळी करून देते. खऱ्या गाड्यांच्या मध्ये ती येणार नाही, पण दर तासाला पुकारायची. सर्व्हर ठीक असतील तरच ती ओळ दिसेल.

“आन न्हाई दिसली तर?” तात्या.

“तर पुकारायची नाही.”

“बास. मला तेवढंच कळतं.”

तो हंगाम मला आठवतो तो त्या पुकाऱ्याने. थंडीत तळावर शेकोट्या, बैल खाली बसून रवंथ करणारे, गाड्यांच्या सावलीत भाकरी सोडून बसलेल्या बाया, आणि कर्ण्यावर तात्या, “गाडी नंबर शून्य.” मग तळावरून कुणीतरी ओ द्यायचं. “आली, आली.” “पंक्चर काढतीय.” “शून्यला लेक झाली, उद्या येती.” कधी कुणी नुसतीच घुंगरं हलवायचं. संक्रांतीला तिळगूळ वाटताना एक चिमूट शून्यच्या नावानेही ठेवलेली मी बघितली. कुणी ठेवली, विचारलं नाही. हसत-हसत ओ देणारी ती सगळी माणसं खरं म्हणजे कान लावून बसलेली असायची. एकदा तात्यांचा पुकारा आलाच नाही, तर पाच-सहा जणं दारात. तात्या मागून चहाचा कप घेऊन आले, “चहाला गेल्तो बाबांनो.” त्यांना पुरता हंगाम त्यावरून टोचलं गेलं. आणि एकदा खरंच दोन्ही सर्व्हर बसले. शेटे साहेबांच्या मोबाईलवर निरोप पोचायच्या आत हौसाबाई माझ्या दारात होती. “म्याडम, शून्य हरवली.”

मी पुष्कळ यंत्रणा बघितल्या आहेत ज्यांच्यावर नजर ठेवायला दुसरी यंत्रणा असते आणि तिच्यावर तिसरी. त्या सगळ्यांच्या शेवटी कुणीतरी माणूस असावा लागतो, ज्याचं नुकसान होतं. बाकी सगळे फक्त बघत असतात.

तर चौथा विषय. चर्चा झाली, सविस्तरच. निनादचं म्हणणं असं की आमच्या कारखान्याचा अहवाल वर जातो तेव्हा त्यात लाल खुणा दिसतात, इतरांच्या अहवालात दिसत नाहीत. उत्तराची वाट बघण्याचा वेळ थोडा वाढवला आणि गप्प बसायच्या संधी वाढवल्या की खुणा जातील.

“खुणा जातील,” मी म्हटलं. “बिघाड कुठे जातील?”

“बारीक बिघाड आपोआप सुटतात, मॅडम.”

“ते सुटेपर्यंत गेटवर कोण उभं असतं, त्यांचं नाव तुमच्या अहवालात आहे का?”

निनाद चांगला मुलगा आहे. त्याला वाईट वाटलं असेल, वाटू दे. शेटे साहेब म्हणाले, पाहुणे येतात, मंत्री येतात, कर्ण्यावर शून्य-शून्य ऐकून हसतात. मी म्हटलं, हसू द्या, आमच्या तळावर पहिल्यापासून हसतातच. चौथ्या विषयापुढचं ‘नामंजूर’ तसंच ठेवलं आणि खालच्या मोकळ्या जागेत कारण लिहिलं: लाल खूण ही बिघाड सापडल्याची पावती आहे. ती पुसायची असल्यास लेखी आदेश द्यावा. लेखी आदेश कुणी देत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग पाचवा विषय निघाला. तो विषयपत्रिकेत नव्हता, मीच काढला. ह्या वर्षी बैलगाड्यांचा काटा मागच्या गेटला हलवला आहे, ट्रॅक्टरना पुढे अडचण नको म्हणून. तिथे नंबर द्यायला जुनाच, टेबलाखालचा कॉम्प्युटर ठेवलाय. तो लोड बॅलन्सरच्या मागे नाही. त्याला तपासणी नाही. म्हणजे शून्यचा पुकारा पुढच्या गेटला ट्रॅक्टरवाल्यांसाठी होणार, आणि ज्या गाड्यांनी तो मागून घेतला त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

“बैलगाड्या दरवर्षी कमीच होतायत, मॅडम,” शेटे साहेब म्हणाले. “दोन-तीन हंगामांत एकही राहणार नाही. त्यांच्यासाठी एवढी वायर ओढायची?”

“एक जरी आली तरी ओढायची.”

“आन एकबी न्हाई आली,” तात्या खिडकीतून मान वळवत म्हणाले, “तरी न आलेली गाडी पुकारायची आपल्याला सवय हाय की, साहेब.”

शेटे साहेबांनाही हसू आवरलं नाही. पण मंजुरी दिली नाही. हंगाम सुरू झाल्यावर बघू म्हणाले.

त्याच आठवड्यात शुक्रवारी हौसाबाईचा फोन आला, घोडेगावच्या बाजारातून. मागे म्हशी ओरडत होत्या. बैल घेतलाय, एकच, जोडीतला एक म्हातारा झाला म्हणून. नवरा बरा आहे. टोळी परवा निघते. मग तिने विचारलं, “पुकारा हाय ना औंदा?”

“पुढच्या गेटला आहे.”

“आन मागं?”

मी म्हटलं, “करते.”

“करते म्हंजी न्हाई,” ती म्हणाली, आणि मग बैलाचा रंग कसा आहे ते सांगत बसली.

मागच्या गेटसाठीच्या ओळी मी टाईप करून ठेवल्या आहेत. तपासणी तीच, आकडे तेच, कडक. जोडायची, जतन करायची, दाखव म्हणायचं. पण त्या धावायला ईडीपीपासून मागच्या गेटपर्यंत वायर हवी आणि वायरीला चर हवा. आज सकाळी खणायला माणसं मागितली, मिळाली नाहीत. म्हणून तात्यांना आणि चुन्याची पाटी घेऊन मीच गेले आणि बगॅसच्या ढिगाऱ्यामागून, बाभळीला वळसा घालून, काट्याच्या ओट्यापर्यंत पांढरी रेघ आखून आले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडावी लागते आहे.

चर खणायचा राहिला आहे.